खाऱ्या वाऱ्यातला एसी

आज मी तुमच्याशी एसीविषयी बोलणार आहे. घरात भिंतीवर लांबट पेटी आणि घराबाहेर पंख्याचा मोठा डबा असतो, तो स्प्लिट एसी. पूर्वी तो मोठ्या हॉटेलात नाहीतर बँकेत दिसायचा. आता तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा, पार भोगव्यापर्यंत घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या प्रत्येक बाईला फोनवर पहिला प्रश्न येतो, "एसी आहे का?" माशांच्या जेवणाचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

आमचे फ्रीज आणि एसी दुरुस्तीचे दुकान आहे. हत्यारे आमचे हे आणि दोन मुलगे चालवतात. पण फोन मी घेते, तक्रार वहीत मी लिहिते आणि बिलही मीच करते. इतकी वर्षे ती वही लिहून एक गोष्ट ध्यानात आली आहे. आपल्याकडे एसी बिघडतो म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मशीन वाईट नसते. ते बसवताना काहीतरी राहून गेलेले असते. आणि ते बसवत असतात तेव्हा घरातली बाई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा करत असते. "घरात पुरुष माणूस आहे का?" असे विचारून कारागीर त्याच्याशी बोलतो. पुढे पाच-सात वर्षे तो एसी चालवायचा, पुसायचा, त्याचे बिल भरायचे आणि रात्री अकरा वाजता पाहुण्यांची बोलणी ऐकायची, हे सगळे मात्र बाईकडे. म्हणून आज हे भाषण.

आधी एसी करतो काय ते बघू. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर पारा तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो. तिकडे नागपूरला तो पंचेचाळीसला टेकतो. तरी नागपूरची माहेरवाशीण मालवणात येऊन "बाई गं, इथे जीव घुसमटतो" म्हणते, ते खोटे नाही. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि उडतो. आपल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम उडायला जागाच नसते, तो नुसता ओघळतो. तिकडे चालणारा गवताच्या ताट्यांचा कूलर इकडे कुचकामी ठरतो तो याच कारणाने. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो. आपल्याला हवेत आणखी पाणी नको आहे, आहे तेच काढायचे आहे.

आणि एसीचा जन्मच मुळी हवेतले पाणी काढण्यासाठी झाला. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत तिथला कागद फुगायचा, वाकायचा, आणि एकावर एक रंग छापताना ते जागेवर बसत नसत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखून दिली. आज जगभर पसरलेल्या एसीची सुरुवात तिथली मानतात. जूनमध्ये पापडाचा डबा मऊ पडतो आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते बघणाऱ्या आपल्या बायकांना त्या छापखानेवाल्याचे दुःख समजावून सांगायला नको.

गंमत अशी की इंग्रजीतला एअर कंडिशनिंग हा शब्द १९०६ मध्ये निघाला तो मात्र उलट्या कामासाठी. तो कापड गिरण्यांच्या एका इंजिनिअरने वापरला, आणि त्याला हवेत ओलावा घालायचा होता. हवा कोरडी असली की सूत तुटते. आपल्यातल्या कितीजणींचे आजे, सासरे मुंबईला गिरणीत होते! सूतखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवलेली असायची. गावात घाम, गिरणीतही घाम. असो.

आता यंत्र कसे चालते. हाताला स्पिरिट लावले की गार वाटते, कारण ते उडताना हाताची उष्णता घेते. एसीत नळीच्या आत बंद करून ठेवलेला एक वायू असतो, त्याला आपण सरसकट गॅस म्हणतो. आतल्या पेटीत, ज्याला इनडोअर म्हणतात, तो द्रवाची वाफ होतो आणि खोलीतली उष्णता शोषतो. तिथून तो जाड नळीने बाहेरच्या डब्यात, आउटडोअरमध्ये जातो. तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड तापते ना, तसा तो दाबल्यावर खूप तापतो. मग बाहेरचा पंखा त्याच्यावर वारा मारून ती उष्णता बाहेर टाकतो, वायू पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीने आत येतो. असे गोल गोल चालू राहते. म्हणजे एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून अंगणात नेऊन टाकतो. एवढे लक्षात ठेवले की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

आणि पाणी? थंड सोलकढीचा पेला ओट्यावर ठेवला की बाहेरून घामेजतो. ते पाणी सोलकढीतले नसते, हवेतले असते. इनडोअरच्या आतली जाळी त्या पेल्यासारखीच गार असते. हवा तिच्यावरून गेली की पाणी सुटते, खालच्या पन्हाळीत पडते आणि नळीने बाहेर जाते. आपल्याकडे मे-जूनमध्ये रात्रभरात एका मशीनखाली बादली भरते ती अशी. ते पाणी झाडांना घाला, लादी पुसायला घ्या. पिऊ नका, आणि बॅटरीतही घालू नका. डिस्टिल्ड वॉटरच आहे म्हणून सांगणारे भेटतात, पण त्यात जाळीवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो.

दुकानात गेल्यावर विचारतात, एक टन की दीड टन? हा टन म्हणजे मशीनचे वजन नव्हे. मालवणच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या बघणाऱ्यांना हे चटकन कळेल. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी उष्णता खोलीतून ओढणारा तो एक टनाचा एसी. हा टन अमेरिकन, सुमारे ९०७ किलोचा. दहा बाय बाराच्या, वर माळा किंवा स्लॅब असलेल्या खोलीला साधारण एक टन पुरतो. "मोठाच घ्या, पटकन थंड होईल" असे दुकानदार म्हणेल. पटकन होईल हे खरे, पण तिथेच आपल्या हवेत घोटाळा होतो. गरजेपेक्षा मोठे मशीन खोली झटकन गार करते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण ओलसर, गाद्यांना वास आणि कपाटामागे बुरशी. आपल्याला मशीन बेताचे, पण बराच वेळ सावकाश चालणारे हवे. इन्व्हर्टर एसी याच्यासाठी बरा. तो बंद-चालू न करता कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा काही संबंध नाही. वीज गेल्यावर चालेल या समजुतीने इन्व्हर्टर एसी घेतलेल्या दोघीजणी मला भेटल्या आहेत, म्हणून हे सांगितले.

कौलारू घरात एसी बसवायचा तर आधी वर बघा. कौलांच्या फटींतून गार हवा निघून जाते आणि दमट हवा आत येत राहते. मशीन रात्रभर समुद्राची हवा वाळवत बसते. आधी माळा फळ्यांनी नीट बंद करा किंवा खाली छत करून घ्या, दाराखालची फट बुजवा, मग एसीचे बोला. हा खर्च एसीच्या दुकानात कोणी सांगत नाही, कारण तो त्यांच्याकडे येत नाही.

आता बसवण्याचा दिवस. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिला प्रश्न आउटडोअर कुठे. देवबागसारख्या गावात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. तिथे खारे वारे चुकवायला जागा नाही, पण कमी-जास्त निवडता येते. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून डबा शक्यतो पूर्वेच्या किंवा मागच्या भिंतीला, घराच्या आडोशाला. डब्यात ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या आणि तांब्याच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी आले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पात्या पांढऱ्या पडतात, हात लावला की भुकटी होतात. विकत घेताना जाळीवर गंजरोधक लेप आहे का, आणि किनाऱ्यावरच्या घराला कंपनीची वॉरंटी जाळीसाठी लागू आहे का, हे लिहून घ्या. तोंडी नको.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी बचत गटाचे कर्ज घेऊन सीझनच्या तोंडावर दोन एसी बसवले. अंगणातून डबे दिसायला नकोत म्हणून बसवणाऱ्याने ते मागच्या, म्हणजे थेट वेळेकडच्या भिंतीला लावले. दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी झाला. बसवणाऱ्याने येऊन गॅस भरला, पैसे नेले. पुन्हा चार महिन्यांनी तेच. वहिनी दुकानात येऊन मला म्हणाल्या, "गॅस संपलो म्हणान सांगतत. दर सीझनाक कसो संपता गो?"

मैत्रिणींनो, एसीतला गॅस संपत नसतो. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नाही. बंद नळीत गोल फिरतो, फ्रीजमध्ये फिरतो तसाच, आणि फ्रीजमध्ये कोणी दरवर्षी गॅस भरत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणे. त्या वहिनींच्या डब्यात जाळीला खालच्या कोपऱ्यात छिद्र पडले होते. कर्जाचे हप्ते चालू, सीझन ऐन भरात, आणि खोल्या एसीच्या म्हणून लागल्या त्या बिगरएसीच्या भावाने द्याव्या लागल्या. "गळती कुठे आहे ते मला साबणाच्या फेसाने दाखव" एवढे एक वाक्य पहिल्याच वेळी बोलले गेले असते तर तीन वेळचे गॅसचे पैसे वाचले असते. सांध्यावर साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडा येतो. हे बघायला शिक्षण लागत नाही.

दुसरे, भिंत. आपली घरे चिऱ्याची. चिरा दिसायला दणकट, पण आतून सच्छिद्र. सिमेंटच्या भिंतीत ठोकतात तसा बोल्ट चिऱ्यात ठोकला तर तो आज घट्ट वाटतो. कॉम्प्रेसरच्या थरथरीने हळूहळू भोक मोठे होते. डबा तीस-चाळीस किलोचा. मे २०२१ चे तौक्ते वादळ आठवा. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर माड आडवे झाले, विजेचे खांब मोडले, कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. तसल्या वाऱ्यात नुसत्या ठोकलेल्या बोल्टवर काही टिकत नाही. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी लावायला सांगा. तळमजल्यावरची खोली असेल तर सगळ्यात चांगले म्हणजे जमिनीपासून फूट-दीड फूट उंच सिमेंटचा चौथरा बांधून डबा त्यावर घट्ट बसवणे. धुवायला सोपे, पडायचे भय नाही, आणि दुरुस्तीवाल्या मुलाला शिडीवर लटकावे लागत नाही. त्या मुलांचाही विचार करा. कुणाच्या तरी घरची ती मुले आहेत, आणि दोरी न बांधता दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर चढतात. स्टँड रंगवलेल्या साध्या लोखंडाचा घेऊ नका, जस्ताचा लेप दिलेला घ्या, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

आणि माडाखाली डबा ठेवू नका. हसू नका, झावळ पडून पंखा मोडलेला आमच्याकडे दुरुस्तीला येतो. डब्याच्या मागे फूटभर जागा सोडा, समोर मोकळे ठेवा. तो उष्णता बाहेर टाकतो हे मघाशी बोललो. समोर भिंत, लाकडांचा भारा किंवा वाळत घातलेली चादर असली तर तीच गरम हवा तो परत ओढतो आणि बिल चढते. शेजाऱ्यांच्या खिडकीवर त्याचे तोंड करू नका, नाहीतर गारवा आपल्याला आणि भांडण दोघांना.

इनडोअर लावताना छतापासून सहा इंच मोकळे ठेवायला सांगा, कारण हवा ते वरून ओढते. पेटी पाण्याच्या नळीच्या बाजूला किंचित उतरती हवी. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते, नाहीतर पावसाचे पाणी नळीवरून चालत खोलीत येईल. भोकात प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घालून कडेने बंद करून घ्या. उघडे राहिलेले भोक म्हणजे मुंग्या, पाली आणि उंदरांना आमंत्रण. डब्यातल्या सर्किटवर चिकटून मेलेली पाल हे आमच्या वहीतले नेहमीचे कारण आहे. पाण्याची नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली खाली जायला हवी, मध्ये कुठे पोट आलेले नको. तिचे टोक बादलीत बुडलेले नको. कारागीर जाण्याआधी इनडोअरची जाळी उघडून लोटाभर पाणी पन्हाळीत ओतायला सांगा आणि बाहेर जाऊन ते पडते का ते स्वतः बघा. "वयनी, पाणी गळता" हा पावसाळ्यातला आमचा सगळ्यात मोठा फोन, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा या लोटाभर पाण्यात असते.

मग येते व्हॅक्यूम. हा शब्द पाठ करा. आउटडोअरमध्ये गॅस कंपनीतूनच भरून येतो. पण आतला आणि बाहेरचा भाग जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत साधी हवा असते, आणि आपली हवा म्हणजे पाणी. ती हवा एका पंपाने ओढून काढावी लागते. किमान पंधरा-वीस मिनिटे पंप चालायला हवा, आपल्याकडे त्याहून जास्त वेळ बरा. मग काटा बघत थोडे थांबायचे. काटा स्थिर राहिला तर सांधे घट्ट आहेत. घाईतले लोक काय करतात? पंप आणतच नाहीत. डब्यातला थोडा गॅस सोडून त्याच्या धक्क्याने हवा बाहेर काढतात. दोन मिनिटांत काम होते. गॅस कमी होतो, ओलावा आत राहतो, तो तेलात मिसळून आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर आतून झिजत जातो. हा दोष बसवल्याच्या दिवशी दिसत नाही, वॉरंटीच्या भांडणात दिसतो. म्हणून फोनवर तारीख ठरवतानाच विचारा, "व्हॅक्यूम पंप घेऊन येणार ना?" या एका प्रश्नाने समोरच्याचा आवाज बदलतो, हे मी कितीदा ऐकले आहे.

गॅसविषयी आणखी एक, आणि ते गंभीर आहे. हल्लीच्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. तो सहज पेट घेणारा नाही, पण पेट घेऊ शकतो. काही मशीनमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये दुसरा कुठला गॅस "चालतो" म्हणून कोणी घालत असेल तर घालू देऊ नका. काम चालू असताना खोलीत बिडी, सिगारेट, देवाची समई काही पेटलेले नको, खिडक्या उघड्या. आणि गळती तपासायला नळीत ऑक्सिजन भरणारा कारागीर दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतले तेल एकत्र आले की स्फोट होतो. तपासायला नायट्रोजन वापरतात.

आता वीज. एसीला मीटरपासून वेगळी लाइन हवी, चांगली जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि सोळा अँपिअरच्या वरचा सॉकेट. मिक्सरच्या प्लगवर, एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीच नाही. दोन-तीन खोल्यांत लावणार असाल तर महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्या. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या वाडीत पाहुणे येतात, सगळे एसी एकदम सुरू होतात आणि दिवे मिणमिणतात. मशीन किती व्होल्टेजपर्यंत तग धरते ते त्याच्या पुस्तकात लिहिलेले असते. तुमच्याकडे त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्या.

अर्थिंगचे मात्र कोणी विचारत नाही. आपली जमीन कातळाची नाहीतर वाळूची. पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग ठीक असते. एसीची खरी गरज मे महिन्यात, आणि तेव्हाच जमीन कोरडी ठणठणीत. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. घरात जीवरक्षक स्विच, ज्याला आरसीसीबी म्हणतात, तो नसेल तर एसीआधी तो बसवा. आपल्याकडे पाहुणे समुद्रावरून ओल्या अंगाने, अनवाणी येतात आणि तसेच स्विचला हात लावतात. हा खर्च टाळायचा नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की रिमोटने बंद करून भागत नाही, एमसीबी खाली करा आणि प्लग असेल तर काढा.

बिलाचे गणित करायला लाजू नका. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तास धरून. लेबलवर ८०० असेल तर तासाला अर्धा युनिट. प्रत्यक्षात आपल्या दमट हवेत आणि दार उघडे टाकणाऱ्या पाहुण्यांमुळे त्याहून जास्तच येते. महावितरणच्या घरगुती बिलाला १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत, आणि टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. नव्वद युनिट वापरणाऱ्या घरात दिवसाला सहा युनिटांचा एसी आला की महिन्याला २७० होतात. खोलीचा भाव ठरवताना हे वहीत मांडा. "एसीचे दोनशे जास्त" असे शेजारीण घेते म्हणून आपणही घेऊ नका.

जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू केल्यावर आपोआप चोवीस अंशांवर येतात, तसा सरकारी नियमच आहे. पाहुणे सोळावर नेतात. सोळावर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही, मशीन तेवढ्याच जोराने चालते, फक्त थांबत नाही. भिंतीवर पाटी लावण्यापेक्षा चोवीसवर एसी आणि सोबत पंखा दोनवर लावून खोली आधीच तयार ठेवा. कोणी हात लावत नाही, हा तुमच्याच मैत्रिणींचा अनुभव मी सांगते आहे.

अजून एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच तीच हवा फिरवतो. सकाळी खिडक्या उघडायलाच हव्यात. वीज गेली म्हणून बंद खोलीच्या दाराशी जनरेटर लावणे, किंवा डासांसाठी सोडणाची धुरी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. धुरी संध्याकाळी, दारे-खिडक्या उघडून, आणि झोपण्याआधी बाहेर.

देखभालीला फार काही लागत नाही. इनडोअरची जाळी सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. आउटडोअरवरचे मीठ महिन्यातून एकदा-दोनदा धुऊन टाका. एमसीबी खाली करून, गोड्या पाण्याने, झारीने किंवा हलक्या धारेने. गाडी धुण्याचा जोराचा पंप नको, पात्या वाकतात. देवबाग-तारकर्लीत ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळ पाणी येते, त्यांनी नळाचे पाणी घ्या. खारे पाणी मारून मीठ निघत नाही.

जूनमध्ये पाहुणे थांबले की पुष्कळ जणी डबा प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवतात. तसे करू नका. आत वाफ कोंडते, गंज दुप्पट चढतो आणि उंदीर सुखाने राहतात. वरून पत्र्याचे किंवा झापाचे छप्पर पुरे, बाजू मोकळ्या. बंद करण्याआधी तासभर नुसता पंखा चालवून इनडोअर आतून वाळवा. मग पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, वीज शांत असेल त्या दुपारी, खोली बंद करून तासभर ड्राय मोडवर एसी लावा. रिमोटवर थेंबाचे चित्र असते ते बटण. गाद्या, उशा आणि लाकडी पलंग त्याने कोरडे राहतात, आणि चतुर्थीला चाकरमानी आले की खोली उघडताना नाकाला पदर लावावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात कोणाकडे एसी बसायचा असेल तर दुकानात फोन करून काय विचारायचे ते लिहून न्या. आमच्याकडूनच बसवा असे नाही.